कसालच्या बहिणीची सही

कंपनीने मला दिलेल्या मेमोत दोन आरोप आहेत आणि दोन्ही खरे आहेत. मार्चअखेरीस मी एक तयार फाइल अडवून धरली, हा पहिला. सुट्टीच्या दिवशी, वरिष्ठांना न विचारता, कर्जदाराच्या नातेवाइकाच्या घरी गेले, हा दुसरा. उत्तर द्यायला सात दिवसांची मुदत होती. मी त्याच दुपारी दिलं. विचार करावा असं त्यात काही नव्हतंच.

मी तेव्हा घरकर्ज देणाऱ्या एका कंपनीच्या मालवणच्या शाखेची मॅनेजर होते. शाखा म्हणजे पहिल्या मजल्यावरचे दोन गाळे. खाली बेकरी, त्यामुळे सकाळी अकरापर्यंत आमच्या सगळ्या फाइलींना खारी-बटरचा वास यायचा. माणसं माझ्यासकट पाच. भिंतीवर टार्गेटचा तक्ता आणि त्याच्या शेजारी नियमपालनाची शपथ, फ्रेम करून. तक्ता दर सोमवारी पुसून नवा लिहीत. शपथेच्या काचेवरची धूळ मात्र कुणी पुसल्याचं मला आठवत नाही.

नियमांचं आमच्याकडे असंच होतं. वर्षातून एकदा कॉम्प्युटरवर परीक्षा द्यायची, तिची उत्तरं दुसऱ्या शाखेतून व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच आलेली असायची. ग्राहकाकडून भेटवस्तू घेतली तर रजिस्टरमध्ये नोंद करायची. हा नियम ज्याने केला त्याने आमच्या किनाऱ्यावरचा माणूस बघितलेला नसणार. तो फाइलची चौकशी करायला येताना पिशवीतून बांगडे आणतो, आणि परत केले तर ‘आमच्या हातचा चलत नाय काय तुमका?’ म्हणून वर्षभर रुसतो. रजिस्टरमध्ये बांगड्यांसाठी रकाना नव्हता. असले नियम मोडून मला रात्री झोप लागली नाही, असं कधी झालेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. मी कुणी सती सावित्री नव्हते.

पण एक ओळ वेगळी होती. गहाण ठेवायच्या घराच्या प्रत्येक सहहिस्सेदाराकडून संमतिपत्र घ्यायचं असतं, आणि त्याच्या तळाशी छापलेलं असतं, ‘वरील व्यक्तीने माझ्या समक्ष सही केली आहे.’ त्याखाली मॅनेजरची सही. कंपनीची नव्हे, मॅनेजरची, नाव आणि कर्मचारी क्रमांक घालून. उद्या भांडण कोर्टात गेलं तर कंपनीचा वकील कंपनीला वाचवतो. ‘बाई तुमच्या समोर होत्या का?’ हा प्रश्न मला विचारतात.

आणि आमच्या जिल्ह्यात घर एकाचं असं क्वचितच असतं. सातबारा उघडला की चुलते, भाऊ, बहिणी, पुतणे, निम्मे मुंबईला. ही सगळी माणसं एका छपराखाली फक्त चतुर्थीला सापडतात. मी शाईचं पॅड आणि फाइली घेऊन चतुर्थीच्या दिवसांत घरोघरी हिंडले आहे. आरती संपायची वाट बघायची, हातावर ठेवलेली करंजी खायची, आणि भजनाची मंडळी यायच्या आत सात सह्या उरकायच्या. उरलेल्या वर्षात कागद कुरिअरने जातात, सह्या होऊन येतात आणि मॅनेजर ‘समक्ष’च्या खाली सही ठोकतो. मीही ठोकली आहे. दोन-तीनदा तरी. बोरिवलीतले कुणी काका, ज्यांचं तोंड मी आजतागायत पाहिलेलं नाही, ते कागदावर माझ्या समोर बसलेले आहेत. त्यांचं पुढे काही बिघडलं नाही, हे माझं नशीब.

देवबागची फाइल आली ती फेब्रुवारीत. एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र, मधल्या पट्टीवर जुनं घर. वडील वारल्यावर सातबाऱ्यावर तीन नावं चढलेली. थोरला भाऊ मुंबईला, धाकटा देवबागलाच, आणि दोघांच्या मधली बहीण, कसालला दिलेली. धाकट्याला घरामागे पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधायच्या होत्या. माणूस कष्टाळू. होडी होती, खानावळ चालवायचा, हिशेब चोख. थोरला भाऊ मुंबईहून येऊन माझ्या टेबलासमोर बसून सही करून गेला. बहिणीचं संमतिपत्र धाकट्याने आणून दिलं. सोबत तिच्या आधारकार्डाची आणि पासबुकाची झेरॉक्स, वडिलांच्या वारस नोंदीच्या वेळी घेतलेली.

“ताय गुडघ्यान बेजार आसा, मॅडम,” तो म्हणाला. “तिच्यान येवचा जमना नाय. घरातलीच सही ती.”

मी कागद हातात घेतला आणि माझं पेन उघडलेलंच राहिलं. बहिणीची सही तिच्या माहेरच्या नावाने होती.

यात काय मोठंसं, असं वाटेल. सातबाऱ्यावर तिचं माहेरचंच नाव होतं. पण आधारवर, पासबुकावर सासरचं नाव होतं, आणि सासरचं म्हणजे नुसतं आडनाव नाही, पहिलं नावसुद्धा वेगळं. आमच्या वेळेपर्यंत तसंच करत. माझंही केलं. लग्नात ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यात एक नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि वीस वर्षं जे नाव माझं होतं ते त्या दिवशी संपलं. मला कुणी विचारलं नव्हतं. नंतर नोकरीला लागताना दोन्ही नावांची बाई एकच आहे, हे सिद्ध करायला स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करावं लागलं ते वेगळंच. अजून आठवलं की मला राग येतो.

त्या दुपारी मी एका कोऱ्या कागदावर माझं माहेरचं नाव सहीसारखं लिहून बघितलं. हात अडखळला. शेवटचं अक्षर वाकडं आलं, एक वेलांटी विसरले. नावच परकं झालेलं. आणि संमतिपत्रावरची सही कशी, तर झोकदार, खाली दुहेरी रेघ, रेघेखाली दोन टिंब. पासबुकाच्या झेरॉक्सवर त्याच बाईची सही सासरच्या नावाने होती, एकेक अक्षर सुटं, शाळेतल्या मुलीसारखं. दुहेरी रेघ आणि दोन टिंब मला दुसरीकडेच सापडली. कर्जाच्या अर्जावर, धाकट्या भावाच्या सहीखाली.

मी फॉर्मवर दिलेला बहिणीचा नंबर लावला.

“होय, मीच बोलतंय,” बाई म्हणाली.

“देवबागच्या घराच्या कागदावर सही केलीत तुम्ही?”

“होय होय, केलंय.”

“कुठून बोलताय?”

“कसालसून.”

बोलणं नीट ऐकू येत नव्हतं, कारण मागे लाटा आपटत होत्या. कसाल हायवेवर आहे. तिथून समुद्र गाठायचा तर तासभर गाडीत बसावं लागतं. मी ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवला. धाकट्याच्या बायकोचा आवाज मी ओळखायला हवा होता, तिच्या खानावळीत दोनदा जेवले होते.

मार्च संपायला तीन दिवस असताना कोल्हापूरहून एरिया हेडचा फोन आला. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, बोलायला गोड, टार्गेटच्या दिवसांत जरा कमी गोड.

“मॅडम, देवबाग का अडकलंय?”

“बहीण समोर आलेली नाही, सर. सही तिची नाही असं मला वाटतं.”

“घरातली सही आहे, मॅडम. बहीण-भावाचा मामला. तुमच्या जिल्ह्यात कोण येतं समोर?”

“मग तेवढं मेलवर लिहून पाठवा. बाई आलेल्या नसताना समक्ष म्हणून सही करावी, असं. मेल आला की पाच मिनिटांत करते.”

मग तो म्हणाला, “तुम्ही फार टोकाला जाता.”

“तुम्ही ढकलताय म्हणून जाते,” मी म्हटलं.

मेल आला नाही. तो येणार नाही हे मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. शाखेतली बाकीची चौघं त्या दिवशी माझ्याशी कामापुरतंच बोलली, कारण शाखेचं टार्गेट हुकलं तर त्यांचाही बोनस जाणार होता. त्यांचा राग मला समजत होता. पण त्यांच्यापैकी कुणी माझ्या जागी सही करायला पुढे आलं नाही, हेही मी बघितलं.

रविवारी मी एसटीने कसालला गेले. बाजारापासून आत रिक्षा करावी लागली. मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना काजूची झाडं, खाली पडलेल्या बोंडांचा आंबूस वास. बहीण अंगणात काजूबिया वाळत घालत होती. साठीची बाई, बारीक, उन्हाने काळवंडलेली. उठताना गुडघ्यावर हात टेकला, एवढं भावाचं खरं होतं. मी कोण, कुठून आले ते सांगितलं आणि संमतिपत्राची झेरॉक्स तिच्या हातात दिली. तिने ती लांब धरली, मग जवळ आणली.

“ह्या नाव माजा,” ती म्हणाली. बोट नावावर तसंच. “पण ह्या मी लिवक नाय.”

“भावाने विचारलं होतं तुम्हाला? घर गहाण ठेवायचं म्हणून?”

“माका कोणी इचारूक नाय.”

मला वाटलं होतं ती आता माझे आभार मानेल. खोटं कशाला बोलू, वाटेत एसटीत मी ते आभार ऐकून घेण्याची तयारीसुद्धा केली होती. तिने झेरॉक्स माझ्या मांडीवर टाकली आणि चिडून म्हणाली, “इचारल्यान आसता तर सही दिलंय आसतंय. डोळे मिटून दिलंय आसतंय. तू कशाक इलंस सांगूक? आता माजा म्हायार तुटला तर तू जोडतलंस?”

वर्षातून एक चतुर्थी, भावाने दिलेली साडी, दोन दिवस देवबागच्या पडवीत बसणं, एवढंच तिचं माहेर उरलेलं होतं. तिला माहेरपण आणि हक्क यांतलं एकच मिळणार होतं, आणि कुठलं ते भावाने तिच्यासाठी ठरवून टाकलं होतं. मी तिला एवढंच सांगितलं की तुम्ही समोर येऊन सही केलीत तर मी तसं लिहीन, नाही म्हणालात तर तसं लिहीन. जे झालं नाही ते मी लिहिणार नाही.

तिने कोकम सरबत दिलं. मी निघाले तेव्हा ती परत बिया पसरायला बसली होती, मागे वळून बघितलं नाही.

मंगळवारी, मार्चच्या शेवटच्या दिवशी, सकाळी शाखा उघडायच्या आधी ती जिन्याच्या पायरीवर बसलेली होती. एकटीच आलेली, पहिल्या गाडीने. म्हणाली, “भावाक बोलव.”

धाकटा अर्ध्या तासात आला. बहिणीला बघून त्याचा चेहरा उतरला, मग त्याने हसून घेतलं आणि तिच्या गुडघ्याची चौकशी केली. मी संमतिपत्राचा कोरा नमुना आणि गहाणाचा मसुदा टेबलावर ठेवला. तिने ते सगळे कागद भावापुढे सरकवले.

“वाच.”

“ताय, चौदा पानां आसत.”

“मी खंय जातंय? वाच.”

तो वाचायला लागला. कागद शुद्ध मराठीत, वाक्यं अर्ध्या पानाची. पहिल्या दोन पानांत तो नुसता धावला. मग त्याचा वेग कमी झाला. मला समजलं की तोही हे पहिल्यांदाच वाचत होता. हप्ते थकले तर घर, आवार, झाडं, विहीर यांसह ताबा घेण्याचा कंपनीला अधिकार राहील, इथे तो थांबला.

“बाव पण?” बहिणीने विहिरीचं विचारलं.

“सगळ्यांकच लिवतत तसा.”

“बाव पण?”

“बाव पण,” तो म्हणाला.

“आणि मी खंय आसंय ह्येच्यात?”

त्याने पानं मागे-पुढे केली. “हयसर. सातव्या पानार.”

“मगे माका कित्याक इचारूक नाय?”

शाखेत सगळ्यांनी काम थांबवलेलं होतं. धाकट्याने कागदावरून मान वर केली आणि अगदी मनापासून सांगितलं, “तू नाय म्हणशीत असा माका वाटलाच नाय, म्हणान.”

तो खोटारडा नव्हता, हे मला त्या क्षणी पटलं, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला. आमच्याकडे बहिणीची फसवणूक करायची म्हणून कुणी तिची सही मारत नाही. तिचं उत्तर आपल्याला ठाऊकच आहे, मग तिला कशाला त्रास, म्हणून मारतात. तिच्या वतीने होकार द्यायचा, तिच्या वतीने सही करायची आणि चतुर्थीला साडी द्यायची. माझ्या समोर बसलेल्या बाईने हे सगळं त्याच्या त्या एका वाक्यात ऐकलं असावं.

“म्हणान आज नाय म्हणतंय,” ती म्हणाली.

तिने सही केली नाही. मी फाइलवर लिहिलं की सहहिस्सेदार समक्ष हजर राहिल्या, आधीची सही आपली नसल्याचं त्यांनी सांगितलं आणि संमती नाकारली. लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. “भावाक पोलिसात देव नको गो,” ती हळूच म्हणाली. मी म्हटलं, मी घडलं तेवढं लिहिलंय, पुढचं वरचे लोक ठरवतील. वरच्यांनी फाइल नामंजूर केली आणि विषय मिटवला. आपल्या शाखेत खोटी सही आली होती हे कुठे चव्हाट्यावर यावं, अशी त्यांचीही इच्छा नव्हती. धाकटा जाताना दारात थांबून मला म्हणाला, “मॅडम, तुमी घर फोडलात.” मी म्हटलं, “मी फक्त फोन लावला.” तेव्हा मला ते उत्तर फार चांगलं वाटलं होतं.

मग मेमो. मी उत्तरात लिहिलं, ‘दोन्ही गोष्टी मी केल्या आहेत. त्या बाई माझ्या समोर आल्या नव्हत्या, म्हणून मी आल्या असं लिहिलं नाही. अशी फाइल पुन्हा आली तर पुन्हा असंच करीन.’ एका सहकाऱ्याने ‘दिलगीर आहे’ एवढा शब्द घाला असं सुचवलं. मी नाही घातला. मे महिन्यात मॅनेजरची खुर्ची काढून मला जामसंड्याच्या छोट्या कार्यालयात पाठवलं, तीन टेबलं आणि एक पंखा. तिथे मी इतरांच्या फाइली तपासते. आता वेगवेगळ्या शाखांचे मॅनेजर मला फोन करून विचारतात की अमुक सही चालेल का, आणि मी एकच विचारते, बाई समोर आल्या होत्या का. निम्मे फोन तिथेच संपतात. मला खडूस म्हणतात, ते मला पोचलेलं आहे.

पण सगळा पावसाळा एक गोष्ट मला खात राहिली. खुर्ची गेल्याचं दुःख नव्हतं असं म्हणणार नाही, होतं. त्याहून जास्त त्या बाईने अंगणात विचारलेलं आठवायचं. मी नियम पाळला आणि माझी मान ताठ राहिली, पण किंमत तिच्या खिशातून गेली. देवबागच्या माणसांकडून कानावर आलं की धाकटा कुणाशी तिचं नावही काढत नाही. कसालला फोन करायचा मला धीर झाला नाही. काय विचारणार होते, माहेर तुटलं का, असं?

चतुर्थीच्या दिवशी दुपारी तिचाच फोन आला. शाखेत आली तेव्हा तिने दिलेला खरा नंबर मी ठेवलेला होता, माझा तिच्याकडे होता. मागे झांजा वाजत होत्या, माणसांचा गलका होता.

“बाय, मी देवबागाक इलंय,” ती ओरडून म्हणाली.

मला एवढा आनंद झाला की मी उभीच राहिले. “भावाने बोलावलं?”

“खंयचा बोलवता! मीच पिशवी घेतलंय नि इलंय. पडवीत बसलंय. वयनीन पाणी दिल्यान, तो तोंड फिरवून भायर गेलो. मगे परत येवन माका म्हणता, तुका कोणी बोलावल्यान?”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“सांगलंय, सातबाऱ्यार माजा नाव आसा. माज्याच घराक येवक माका बोलावणा कशाक होया?”